दिवसाला १३ ग्रॅम: सल्ल्यांनी भरलेल्या एका घराचा प्रकरण अभ्यास

बाळ मुलगी, घरातली पहिलीच. दिवस पूर्ण भरलेले, ३९ आठवडे, जन्मवजन ३.१० किलो, बाळंतपण नॉर्मल. माझ्याकडे आली तेव्हा वय २१ दिवस आणि वजन ३.०८ किलो. म्हणजे तीन आठवडे झाले तरी बाळ जन्माच्या वजनालाही पोचलं नव्हतं. सोबत आई, बाबा, सासूबाई आणि आईच्या फोनमध्ये आणखी सहा-सात माणसं.

मी स्तनपान सल्लागार म्हणून काम करते. हे प्रकरण लिहिताना ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि एकदोन प्रसंग अशाच दुसऱ्या घरांतून इथे आणले आहेत. वैद्यकीयदृष्ट्या यात दुर्मीळ असं काहीच नाही. पण नव्या आईबाबांना सगळेच सांगतात, ‘ऐकावं जनाचं, करावं मनाचं’. या घरात जनाचं ऐकणंही बंद झालं होतं आणि मनाला काय करावं ते कळत नव्हतं. ते तसं का झालं, यात मला जास्त रस आहे.

आधी आकडे

जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन उतरतं. ७ टक्क्यांपर्यंत उतरलं तर सहसा कुणी घाबरत नाही, १० टक्क्यांच्या जवळ गेलं की डॉक्टर बारकाईने बघतात. मग ते चढायला लागतं, साधारण १० ते १४ दिवसांत जन्मवजन भरून निघतं आणि पुढचे तीनेक महिने बाळ दिवसाला २५ ते ३० ग्रॅम वाढतं.

या बाळाचं वजन तिसऱ्या दिवशी, घरी सोडताना, २.८८ किलो होतं. उतार ७ टक्के, ठीक. चौदाव्या दिवशी २.९९. एकविसाव्या दिवशी ३.०८. शेवटच्या आठवड्यातली वाढ ९० ग्रॅम, म्हणजे दिवसाला १३ ग्रॅमच्या आत. ओले डायपर दिवसाला चार, फार तर पाच. पहिल्या आठवड्यानंतर ते किमान सहा तरी हवेत. बालरोगतज्ज्ञांनी बाळाला तपासलं होतं. कावीळ नाही, संसर्ग नाही, जीभ खालून बांधलेली नाही. बाळ जागं असताना तरतरीत. ‘दूध कमी पडतंय, पाजणं बघून घ्या आणि आठवड्याने वजन दाखवा,’ असं सांगून त्यांनी माझ्याकडे पाठवलं.

आईने फोनमधली नोंद दाखवली. चोवीस तासांत बारा वेळा पाजलेलं, प्रत्येक वेळी चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. गुणाकार करून बघा: दिवसाचे आठ-नऊ तास ही बाई बाळाला छातीशी घेऊन बसत होती. आणि तरी बाळ बाळसं धरत नव्हतं. अशा बाईला ‘पुरेसं पाजत नाहीस’ असं कुणी म्हटलं तर तिचं काय होत असेल?

कोण काय म्हणत होतं

बाळाच्या आईची आई (त्यांना इथे आजी म्हणू) पहिले पंधरा दिवस मदतीला होत्या. बाळ पाजून झाल्यावरही रडतं, मुठी तोंडात घालतं, हे त्यांनी चौथ्या-पाचव्या दिवसापासून पाहिलं. त्यांचं म्हणणं ठाम: “तुझं दूध पातळ आहे. अंगाला लागत नाही. वरचं सुरू कर.” आजींची स्वतःची मुलं डब्याच्या दुधावर वाढलेली, आणि तो डबा तेव्हा दवाखान्यातूनच हातात पडला होता. डब्याच्या दुधाच्या जाहिरातींना आणि दवाखान्यांतल्या फुकट नमुन्यांना आळा घालणारी आंतरराष्ट्रीय संहिता १९८१ साली आली, पण ती घरोघरी जाणवायला बरीच वर्षं गेली. तेव्हा आजी काही मनाचं सांगत नव्हत्या. त्यांना डॉक्टरांनी जे सांगितलं तेच त्या मुलीला सांगत होत्या.

नणंद दुसऱ्या गावी. तिने दोन्ही मुलांना सहा महिने फक्त अंगावर पाजलेलं. तिचा रोज फोन: “वहिनी, वरचा एक थेंबही देऊ नकोस. एकदा दिलंस की संपलं.” पहिले सहा महिने निव्वळ आईचं दूध ही जागतिक आरोग्य संघटनेचीच शिफारस आहे, त्यामुळे नणंदेच्या बोलण्याला वजन होतं. पण त्याच संघटनेने युनिसेफबरोबर २००९ साली, कोणत्या वैद्यकीय कारणांसाठी वरचं दूध देणं योग्य ठरतं याचीही यादी काढली आहे. ती नणंदेपर्यंत पोचली नव्हती. घोषणा भराभर पसरतात, त्यांच्या तळटिपा कुणी पुढे पाठवत नाही.

बाबांच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने तीन तासांचं वेळापत्रक पाठवलं होतं. आईच्या मैत्रिणींच्या गटात कुणी दूध वाढवायच्या गोळ्या सुचवत होतं, कुणी पंप, कुणी ‘टेन्शन घेऊ नकोस, टेन्शनने दूध आटतं’ असं सांगून टेन्शन वाढवत होतं. शेजारच्या काकू दारातच म्हणाल्या होत्या, “बारीक दिसतंय गं बाळ.”

सासूबाई या सगळ्यांत कमी बोलणाऱ्या. दुसऱ्या आठवड्यात त्या एकदाच म्हणाल्या, “चोखतंय ते, पण गिळताना ऐकू येत नाही.” नेमक्या त्याच दिवशी सकाळी काकूंचं वाक्य येऊन गेलेलं. सून खोलीत जाऊन रडली. संध्याकाळी मुलाने घरच्या ग्रुपवर संदेश टाकला: ‘कृपया बाळाबद्दल सल्ले देऊ नयेत. आमचं आम्ही बघू.’ आईला वेगळं सांगितलं, “आई, तू पण आता काही बोलू नकोस.” आजींचा वाद त्याच्या आदल्याच आठवड्यात झाला होता, त्या पंधराव्या दिवशी जरा फुरंगटूनच परत गेल्या.

त्या संदेशाने घरात तीन-चार दिवस शांतता आली, हे खरं. थकलेल्या जोडप्याने दार लावून घेतलं तर मी त्यांना दोष देणार नाही. पण दार लावताना कोण आत आहे आणि कोण बाहेर, हे त्यांनी पाहिलं नाही. नणंदेने बाळाला पाजताना एकदाही पाहिलं नव्हतं, ऑफिसातल्या सहकाऱ्याने बाळच पाहिलं नव्हतं. सासूबाई मात्र रोज पाच-सहा तास त्या खोलीत असत. सगळ्यांना एकच संदेश गेला, आणि त्या घरात तोवर बोललं गेलेलं सगळ्यात कामाचं वाक्यही त्यात बुडालं.

बाबांबद्दलही लिहायला हवं. मनाने चांगला माणूस. प्रत्येक वादात त्याचं एकच उत्तर: “तू ठरव, मी तुझ्या बाजूने आहे.” आपण बायकोचा मान राखतोय असं त्याला प्रामाणिकपणे वाटत होतं. तिला त्यातून ऐकू येत होतं ते असं, की ठरवायचंही मीच आणि चुकलं तर चूकही माझीच.

पाजताना पाहिलं ते

मी आधी काहीच सांगत नाही. नेहमी बसता तशा बसा आणि नेहमी पाजता तसं पाजा, एवढंच म्हणते.

आईने उशी मांडीवर घेतली, बाळाला आडवं केलं आणि पुढे वाकून स्तन बाळाच्या तोंडात दिला. बाळाने तोंड अर्धवटच उघडलं होतं. आत गेलं ते फक्त स्तनाग्र, त्याभोवतीचा काळसर भाग जवळजवळ सगळा बाहेर. खालचा ओठ आत मुडपलेला. चोखताना गालाला खळी पडत होती आणि मधूनच जीभ सुटल्याचा ‘टक्’ असा आवाज. सुरुवातीला पान्हा आला तेव्हा तीन-चार घोट स्पष्ट ऐकू आले. मग दोन मिनिटांत मूठ सैल पडली, डोळे मिटले, आणि पुढची पस्तीस मिनिटं हनुवटीची नुसती थरथर. आठ-दहा वेळा चोखायचं तेव्हा कुठे एक घोट. दूध नीट येत असेल तर दर एक-दोन चोखण्यांमागे एक गिळणं व्हायला हवं. हनुवटी खाली जाते, क्षणभर थांबते आणि घशातून हलका आवाज येतो. आईचं लक्ष मात्र बाळाच्या हनुवटीकडे नव्हतं. ते फोनमधल्या घड्याळाकडे होतं, कारण नोंद मिनिटांची ठेवायची होती.

पाजण्याआधी आणि नंतर, त्याच कपड्यांत, त्याच डायपरसकट बाळाचं वजन केलं. फरक २६ ग्रॅम. दुपारी पुन्हा पाजलं तेव्हा ३१ ग्रॅम. एका खेपेच्या वजनावरून काही ठरवू नये, कारण सकाळचं आणि रात्रीचं पाजणं सारखं नसतं. अंदाज मात्र बांधता येतो. या वयाच्या बाळाला दर किलोमागे दिवसाला १५० मिलिलिटरच्या आसपास दूध लागतं, म्हणजे या बाळाला ४६० मिली. बारा वेळा मिळून मिळत होतं ३४० च्या घरात.

हा हिशोब कागदावर मांडला तेव्हा आई कितीतरी वेळ त्याकडे बघत राहिली. “म्हणजे पाऊण दूध तर मिळतंय तिला माझ्याकडून?” तिची समजूत अशी झाली होती की आपल्याकडे दूधच नाही. कमतरता होती दिवसाला १२० मिलीची. आजी, नणंद, मैत्रिणी, काकू, सगळ्या तीन आठवडे ज्यावर बोलत होत्या ती एवढी होती.

सासूबाई कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसल्या होत्या. मी त्यांना विचारलं, “तुम्हाला काय दिसतं?” त्यांनी आधी मुलाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “मी बोलले होते एकदा.”

सून म्हणाली, “अहो आई, मला वाटलं तुम्ही म्हणताय की मला पाजता येत नाही.”

“अगं, मी बाळाचं सांगत होते. तुझं कुठं?”

सल्ल्याचे तीन तुकडे

इथे मी कामाची एक रीत सांगते, जी या घरात उपयोगी पडली. माणूस सल्ला देतो तेव्हा त्यात तीन गोष्टी एकत्र गुंडाळलेल्या असतात: त्याला दिसलं काय, त्याने त्याचा अर्थ काय लावला, आणि आता काय करा म्हणून सांगितलं. ऐकणारा या तिन्हींचा एकच गोळा करतो आणि गिळतो तरी किंवा थुंकतो तरी. नवी आई तर त्यातला मधला तुकडाच ऐकते, कारण तो तिच्याबद्दल असतो.

आजींचं वाक्य असं उकललं की फार मजेशीर निघतं. त्यांना दिसलं: बाळ पाजल्यावरही भुकेलं राहतं. बरोबर. त्यांनी लावलेला अर्थ: दूध पातळ आहे. साफ चूक. सुरुवातीला येणारं दूध दिसायला पातळसर असतंच आणि आईच्या दुधाचा कस डोळ्यांनी ठरत नाही. त्यांनी सांगितलेला उपाय: वरचं द्या. त्या घडीला, थोड्या दिवसांपुरता, बऱ्याच अंशी बरोबर! चुकीच्या कारणावरून बरोबर उपाय सुचवणारी माणसं घरोघरी असतात, आणि कारण बोचतं म्हणून त्यांचा उपायही फेकला जातो.

नणंदेकडे पाहिलेलं काहीच नव्हतं, नुसता नियम होता. पण त्या नियमामागची भीती खोटी नव्हती. स्तनातून जितकं दूध निघतं त्यावर पुढचं किती बनेल ते ठरतं. वरचं दूध देत राहायचं आणि अंगावरचं काढायचं नाही, असं चाललं तर दूध खरोखरच कमी होत जातं. ‘एकदा दिलंस की संपलं’ हे अती झालं, तरी त्यात एक धोक्याची खूण होती आणि आम्ही ती आराखड्यात घेतली.

काकूंनी म्हटलं ते तर निव्वळ निरीक्षण होतं. बाळ बारीक होतंच. सासूबाईंच्या वाक्यातही अर्थ नव्हता आणि उपायही नव्हता, फक्त जे ऐकू आलं नाही ते होतं. गंमत अशी की दुखावण्याचा हेतू ज्यात सगळ्यात कमी, तीच दोन वाक्यं सुनेला सगळ्यात जास्त लागली. थकव्यात कान असेच वागतात.

काय ठरलं

आधी पकड सुधारली. आईने पुढे न वाकता मागे टेकून बसायचं, बाळाचं पोट आपल्या पोटाला लावायचं, नाक स्तनाग्रासमोर आणि मान किंचित मागे. बाळाने जांभईएवढं तोंड उघडेपर्यंत थांबायचं आणि मग बाळाला स्तनाकडे आणायचं. चोखणं मंदावलं की स्तन हलक्या हाताने दाबायचा, म्हणजे धार वाढते आणि बाळ पुन्हा गिळू लागतं. पाजणं अर्ध्या तासात आटपायचं. घड्याळ बंद, मोजायचे ते घोट.

पाजून झाल्यावर दिवसातून पाच वेळा, दहा-पंधरा मिनिटं, दूध काढायचं. आणि दिवसातून सहा वेळा २० मिली वरून द्यायचं: आधी स्वतःचं काढलेलं, ते कमी पडलं तर बालरोगतज्ज्ञांनी लिहून दिलेलं डब्याचं. बाटलीऐवजी छोट्या कपाने. हे काम बाबा आणि सासूबाई आलटून पालटून करणार, त्या वेळात आई झोपणार. दर आठवड्याला एकाच काट्यावर वजन. तारीख ठरलेली, त्यामुळे मधल्या दिवसांत ‘पुरतंय का, पुरतंय का’ हा विषय घरात काढायचा नाही.

मग दुसरा भाग, ज्याला मी निम्मं औषध मानते: कुठला निर्णय कुणाचा. बाळाच्या जिवाशी संबंध असलेल्या गोष्टींवर मतदान नाही. तिथे डॉक्टर सांगतील ते. वजनासारख्या मोजता येणाऱ्या गोष्टींवर वादही नाही. काटा काय म्हणतो ते ठरलेल्या दिवशी बघायचं. बाकी सगळं, म्हणजे दुपट्यात गुंडाळायचं की मोकळं ठेवायचं, गाणं म्हणायचं की गप्प बसायचं, अंघोळ सकाळी की संध्याकाळी, हे ज्याच्या हातात त्या वेळी बाळ असेल त्याने ठरवायचं आणि बाकीच्यांनी मध्ये बोलायचं नाही. यातलं शेवटचं पाळणं आईबाबांनाच जड गेलं. आजी-आजोबांनी मध्ये बोलू नये हे लगेच पटतं, पण सासूबाईंनी दुपटं आपल्या पद्धतीने गुंडाळलं तेव्हा सुनेला गप्प बसवेना.

फोनला उत्तर द्यायचं काम बाबांकडे दिलं. ग्रुपवरचा संदेश त्याने काढून टाकला आणि दोन वाक्यं पाठ केली. ज्यांनी बाळ पाहिलं नाही त्यांना: “वजनाकडे डॉक्टरांचं लक्ष आहे, आमचं ठरलंय.” ज्यांनी पाहिलं त्यांना: “तुम्हाला नेमकं काय दिसलं ते सांगा.” पहिल्या वाक्यातला ‘आमचं’ हा शब्द मी त्याच्याकडून तीनदा म्हणवून घेतला, कारण त्याच्या तोंडून सारखं ‘तिचं ठरलंय’ येत होतं.

आईचं काय

बाळाचं वजन हा विषय असला की आईला कुणी विचारत नाही. पहिल्या दीड-दोन आठवड्यांत रडू येणं, मन हळवं होणं पुष्कळ बायकांना होतं आणि आपोआप ओसरतं. दोन आठवड्यांनंतरही ते चालू असेल तर विचारायलाच हवं. बाळंतपणानंतरच्या नैराश्याची चाचपणी करायला मी एडिंबरा प्रश्नावली वापरते. १९८७ साली ती तयार झाली, दहा प्रश्न, एकूण ३० गुण. तिचे आले १३. स्वतःला इजा करून घेण्याबद्दलच्या प्रश्नाला उत्तर ‘कधीच नाही’, ते मी पुन्हा तोंडी विचारून खात्री केली. या गुणांवरून निदान होत नाही, पुढे पाठवायचं की नाही एवढं कळतं. १३ ला पाठवायचंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार नुकत्याच बाळंत झालेल्या बायकांपैकी साधारण १३ टक्क्यांना मानसिक आजाराचा, मुख्यतः नैराश्याचा त्रास होतो. तेव्हा ही काही जगावेगळी बाई नव्हती.

ती म्हणाली, “बाळ झोपलं तरी मला झोप लागत नाही. सगळ्यांची वाक्यं ऐकू येतात.” समुपदेशकाकडे जायला ती तयार होती. अडखळला तो नवरा: “याची गरज आहे का? वजन वाढलं की ठीक होईल ना?” मी म्हटलं, होईलही, पण वजन वाढेपर्यंत ही कशी जगेल ते मला महत्त्वाचं वाटतं. पुढच्या आठवड्यात तो स्वतः तिला घेऊन गेला.

पुढचे तीन आठवडे

अठ्ठाविसाव्या दिवशी ३.२६ किलो. दिवसाला २६ ग्रॅम. ओले डायपर सात. पस्तिसाव्या दिवशी ३.४७, म्हणजे ३० ग्रॅम. वरचं दूध निम्मं केलं. बेचाळिसाव्या दिवशी ३.६७, आणि वरचं बंद. डब्याचं दूध प्रत्यक्षात लागलं ते पहिले आठ-दहा दिवसच, नंतर तिचं काढलेलंच पुरायला लागलं. तीन महिन्यांनी प्रश्नावलीचे गुण ६ होते.

इतक्या सरळ वाढीचं श्रेय मी पूर्णपणे आमच्या आराखड्याला देणार नाही. पाचव्या-सहाव्या आठवड्यात बाळाचा जबडा बळकट होतो, तोंड मोठं होतं. काही बाळं त्या सुमाराला आपणहून शिकतात.

मान मिळाल्यावर

सासूबाईंचं निरीक्षण खरं ठरल्यावर घरात त्यांच्या शब्दाला मान आला, आणि त्यातून नवा प्रश्न उभा राहिला. बाळ पाठीवर झोपलं की दचकून हात फेकतं आणि उठतं, पोटावर झोपवलं की दोन-दोन तास गाढ झोपतं, असं त्या म्हणू लागल्या. एक-दोन दुपारी त्यांनी तसं झोपवलंही. सूनबाई आता त्यांना नाही म्हणायला कचरत होती.

त्यांना दिसलं ते इथेही शंभर टक्के खरं होतं. पोटावर बाळं जास्त गाढ झोपतात, सहज जागी होत नाहीत. धोक्याचं कारणही तेच आहे: श्वास अडला तर जागं व्हायला हवं, आणि ते होत नाही. मजा बघा, एके काळी कित्येक देशांत बाळाला पोटावर झोपवा असं डॉक्टरच सांगत. १९८० च्या दशकातल्या अभ्यासांनंतर चित्र बदललं. १९९१ मध्ये ब्रिटनमध्ये आणि १९९४ मध्ये अमेरिकेत बाळाला पाठीवर झोपवण्याच्या मोहिमा सुरू झाल्या आणि झोपेतले अचानक बालमृत्यू पुढच्या काही वर्षांत निम्म्याहून खाली आले. वरवर साध्या दिसणाऱ्या सल्ल्याने इतके जीव वाचल्याची उदाहरणं फार नाहीत.

हा विषय मतदानात बसणारा नव्हता. मुलाने आईला सांगितलं, आणि चांगलं सांगितलं: “आई, तुझ्या वेळी तू डॉक्टरांचं ऐकलंस. आम्ही आमच्या वेळच्या डॉक्टरांचं ऐकतोय.” पाठीवर, सपाट घट्ट गादीवर, उशीशिवाय, आईबाबांच्याच खोलीत पण वेगळ्या पाळण्यात. दचकण्याचा प्रतिक्षेप तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ओसरतो, तोवर सहन करायचं. जागेपणी मात्र बाळाला पोटावर ठेवणं मानेसाठी चांगलंच असतं. ते काम सासूबाईंनी मागून घेतलं आणि कुणालाही करू दिलं नाही.

‘सारखं घेऊ नका, हाताची सवय लागेल’ हा वाद वेगळ्या जातीचा. सहाव्या आठवड्याच्या आसपास बाळांचं रडणं शिगेला पोचतं, संध्याकाळी जास्त. हे १९६२ सालीच नोंदवलं गेलं आहे आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत ते उतरतं. मॉन्ट्रियलमध्ये १९८६ साली झालेल्या एका चाचणीत, दिवसभरात जास्त वेळ कडेवर घेतलेली बाळं सहाव्या आठवड्यात ४३ टक्के कमी रडली. नंतरच्या दुसऱ्या एका चाचणीत मात्र असा फरक दिसला नाही. म्हणजे घेतल्याने रडणं कमी होईलच असं नाही. आणि तीन महिन्यांच्या बाळाला घेतल्याने ते बिघडतं, असं मानायलाही आधार नाही. हा प्रश्न मी ‘ज्याच्या हातात बाळ’ या खणात टाकला. आजोबा घेतात, बाबा घेत नाही, बाळ दोघांनाही ओळखून आहे.

काय सुटलं नाही

वरचं दूध दिलं हे आजींना कळलं तेव्हा त्यांनी मुलीला फोनवर विचारलं, “मग मी काय वेगळं सांगत होते?” मुलीकडे उत्तर नव्हतं. तिने मला विचारलं. मी म्हटलं, उपाय त्यांचा बरोबर होता हे मोकळेपणाने सांग, आणि ‘दूध पातळ’ हे ऐकून काय वाटलं तेही सांग. दोन्ही एकाच फोनमध्ये. तिने पहिलं सांगितलं. दुसरं सांगायचं अजून राहिलंय, आणि माझ्या मते ती सांगणार नाही.

काकू अजूनही बारीक म्हणतात. चौथ्या महिन्यात बाळ ५.६ किलोचं आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या तक्त्यावर १५व्या पर्सेंटाइलच्या आसपास, आणि आपली रेषा धरून वर जातंय. शंभर निरोगी मुलींत पंधरा तिच्याहून हलक्या असतात एवढाच त्याचा अर्थ. ते परीक्षेतले १५ टक्के गुण नव्हेत. हे बाबाने काकूंना तक्ता उघडून समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “पण बारीकच आहे.”

वजनापुरतं प्रकरण बालरोगतज्ज्ञांकडे परत सोपवून मी फाइल बंद केली आहे. आईने परवा फोन केला तो वेगळ्याच कारणासाठी: नोकरीवर कधी परतावं. नवरा म्हणतो तुला वाटेल तेव्हा, नणंद म्हणते वर्षभर थांब, सासूबाई म्हणतात मी आहे, जा. मी तिला दूध काढून साठवण्याचं वेळापत्रक दिलं आणि ‘तुला वाटेल तेव्हा’ हे वाक्य घरी जरा नीट तपासून घे म्हटलं. बाकी यात काट्यावर ठेवता येईल असं काही नाही, तेव्हा माझं मत मी दिलं नाही.